चांदण्याचं शिंग

रामकिसननं बैलाचं शिंग धरून हलकेच हलवलं, तसं ते मुळापासून डोललं. चांदण्यानं मान झटकली आणि उजव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार खालच्या कडब्यावर पडली. सोबत आलेल्या दोघा पंचांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं. गोठ्यात वास सुटला होता.

"शिंग सडलं," एक पंच म्हणाला. "आखाडीपावतर काढते न काढते."

"मंग कायजी नाई," रामकिसन म्हणाला. "बिल्ला हाये कानात. मेला त मंडळी देते."

मनकर्णाबाई दाराआड उभी राहून हे ऐकत होती. रामकिसन तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. काही सांगायचं असलं की ती जावेला, विजयमालेला सांगे, आणि विजयमाला त्याला. तो पलीकडेच बसलेला असला तरी रीत तीच.

तीन वर्षांपूर्वी बुळकांडीच्या साथीत वाघोळ्यातले निम्मे गोठे ओस पडले, तेव्हा गावानं बैल-विमा मंडळी काढली होती. कापूस विकला की ज्यानं त्यानं बैलामागे वर्गणी भरायची, मंडळीनं बैलाच्या कानात पितळी बिल्ला अडकवायचा, आणि बैल रोगानं मेला तर नवा घेण्यापुरते पैसे द्यायचे. औषधपाण्याला मंडळी काही देत नसे. कापाकापीचं तर नावच नको. सुरीखाली बैल दगावला तर दमडी मिळणार नव्हती, आणि वाचून अधू झाला तर बिल्ला काढून घेतला जाणार होता. कोणीतरी वैदूकडून बैल कापून घेईल आणि मंडळीच्या गळ्यात मारील, अशी सगळ्यांना धास्ती होती, म्हणून तो नियम. रामकिसन मंडळीचा अध्यक्ष होता. चांदण्या आणि हरण्या, दोघांचेही बिल्ले त्याच्याच नावावर होते.

रामकिसनची शेतकामाची जोडी वेगळी होती; ही जोडी मात्र मनकर्णेची होती. तिचा नवरा जगदेव लग्नानंतर चौथ्या वर्षी पान लागून, साप चावून गेला. पोरबाळ नव्हतं. भेटायला आलेल्या बापानं पोरीचं तोंड पाहिलं आणि पुढच्या खेपेला दोन गोऱ्हे आणून तिच्या दाराशी बांधले. त्यांना तिनंच वाढवलं, जुवाखाली मान द्यायला तिनंच शिकवलं. गावातल्या धुरकऱ्यांना हसू आलं, पण एका सुगीत रामकिसन तापानं पडला आणि कापूस घरात लोळायला लागला, तेव्हा बंडी जुंपून ती एकटी कारंज्याला गेली. त्यानंतर तीच जात राहिली. कोणाचा कापूस, कोणाची ज्वारी, कधी अडलेली बाळंतीण. मिळकत घरात द्यायची, आणि घरात सगळ्यांच्या मागून जेवायची. पण वाटेवरच्या कामरगावची वेस ओलांडली की डोक्यावरचा पदर खांद्यावर यायचा. रस्त्यावर तिला कोणाची सून म्हणून हाक येत नव्हती. बैलांशी ती मोठ्यानं बोलायची. दिवसभरात तिचा आवाज तिच्या कानावर पडायचा तो तिथंच.

पंच गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि जावेकडे पाहत म्हणाली, "बाई, त्याहिले म्हना, कारंज्याले जनावराचा दवाखाना हाये. शिंग कापलं त बैल वाचते. म्या पाह्यला तसा बैल."

विजयमालेनं काही सांगायच्या आतच रामकिसन बायकोला म्हणाला, "तिले सांग, कापता कापता मेला त मंडळी काय देईन? अन् वाचला त एका शिंगाचा बैल कोन घेईन? घरी मेला त दुसरा येते. जोडी तशीच राह्यते."

यात चूक काही नव्हतं. तेच तिला छळत होतं. नवा बैल आला असता, जोडी राहिली असती. फक्त तो बैल भासऱ्यानं आणलेला असता, आणि चांदण्याला मरावं लागलं असतं.

मग घर वाट पाहायला लागलं. कोणी बैलाला टाकून बोललं नाही. रामकिसन उलट त्याच्यापुढे हिरवा चारा टाकायचा, माश्या हाकलायला कडुनिंबाचा धूर करायचा. रोज सकाळी तो गोठ्याकडे पाहून विचारायचा, "उठला काय?" विजयमाला सांगायची, उठला. तो बरं म्हणायचा आणि शेतावर जायचा. चांदण्या मान वाकडी करून उभा राहायचा, दुखरं शिंग खुंट्याला घासायचा आणि ती आली की तिच्या खांद्यावर हनुवटी टेकायचा. त्याचं मरण घरात सगळ्यांच्या सोयीचं झालं होतं, आणि ते त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

एक दिवस पाण्यावर नेते म्हणून तिनं त्याला सोडलं आणि नाल्यावर न थांबता कारंज्याची वाट धरली. बंडीनं अर्ध्या दिवसात जाणारी ती वाट. चांदण्याच्या चालीनं पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. रात्री ती एका मळ्यात त्याच्या पाठीला टेकून बसली होती.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी शिंग पाहिलं, नाकपुडी पाहिली, मग कानातला बिल्ला बोटानं उलटा केला. मालक कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मंडळीचा नियम त्यांना माहीत होता. ते समजावून म्हणाले, "बाई, शिंग मुळापासून काढावं लागेल. बैल दगावला तर मंडळी काही देणार नाही. वाचला तरी रोग पुन्हा उलटणार नाही, अशी खात्री मी देत नाही. घरी विचारून या."

"इचारलं त नाईच म्हनतीन," मनकर्णा म्हणाली. "मीच हाय मालकीन."

तिनं अंगठा दिला. दवाखान्यात कापायचे पैसे पडत नव्हते, पण भुलीची औषधं आणि इंजेक्शनं बाजारातून आणायची होती. हातातले चांदीचे गोठ तिनं सराफाकडे उतरवले.

दोरांनी पाय बांधून चांदण्याला आडवं पाडलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली नाही. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यांवर आपला पदर टाकला. करवतीचा आवाज हाडातून तिच्या मांडीत उतरत होता. ती त्याच्याशी बोलत राहिली, रस्त्यावर बोलायची तसंच: आता उतार हाये, आता नाला हाये, आता गाव आलं. शिंग खाली पडलं तेव्हा ते इतकं हलकं वाजलं, की तिला वाटलं दुसरंच काही पडलं.

जखम भरेपर्यंत ती दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली राहिली. बांधाबांधानं गवत कापून आणायची, पट्टी बदलताना डोकं धरायची. मधे कारंज्याचा बैलबाजार भरला, तेव्हा रस्त्यानं गळ्यातल्या घाट्या वाजत गेल्या, आणि चांदण्यानं मान उचलून त्या दिशेनं दोनतीनदा हंबरडा फोडला. तिला वाटलं, बरा होऊन राहिला.

गावी परतली तेव्हा गोठ्यात हरण्याचा खुंटा रिकामा होता. चरायला गेला असेल म्हणून तिनं चांदण्याला बांधलं, पाणी दाखवलं. विजयमाला दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या उभं राहण्यावरूनच मनकर्णेला कळलं.

"कारंज्याच्या बाजारात इकला," जाऊ म्हणाली. "मंगळवारी."

मनकर्णा घरात गेली. रामकिसन जेवून सुपारी कातरत बसला होता. तिनं जावेकडे पाहिलं नाही. सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "मायी जोडी काहून मोडली?"

रामकिसनचा अडकित्ता थांबला. पंधरा वर्षांत तिचा आवाज त्यानं असा समोरून ऐकला नव्हता. तो रागावला नाही. त्यालाही उत्तर द्यायचंच होतं बहुतेक.

"म्या नाई मोडली," तो म्हणाला. "पेरनी तोंडावर आली. एकटा बैल उभा करून कायले खाऊ घालू? तू घरी राह्यली असती त मंडळीनं देलं असतं, म्या दुसरा आनला असता. जोडी तूनं मोडली."

ती गोठ्यात जाऊन चांदण्यापुढे गवत टाकायला लागली.

पंचांनी चांदण्याच्या कानातला बिल्ला काढून नेला. एका शिंगाच्या बैलाला कोणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा रामकिसननंही तो विकायचा नाद सोडला. शेजारच्या तांड्यावरच्या दौलतसिंगाकडेही एकच बैल उरला होता, दुसरा साथीत गेला होता. तो एकदा दोघांच्या एकेका बैलाची जोडी करून सावडीनं बंडी चालवू, असं विचारायला आला. घरची सून तांड्यावर जाणार नाही, असं सांगून रामकिसननं त्याला चहा पाजून परत पाठवलं. बंडी मांडवाखाली जू टेकून पडली होती. मनकर्णा निंदायला जायला लागली, रामकिसनच्या शेतात आणि गावात कोणाच्याही. परत येताना ती गवताचा भारा आणायची. माल घेऊन दुसऱ्यांच्या बंड्या कारंज्याकडे निघाल्या, की ती हातातलं काम सोडत नसे, फक्त चाकांचा आवाज विरेपर्यंत खुरपं एकाच जागी चालायचं.

पोळ्याला गावचे बैल मारुतीपुढच्या तोरणाखाली उभे राहिले. शिंग गेलेला खांडा बैल तोरणात आणायचा नाही, असं पंचांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि विधवेनं तिथं यायची तर रीतच नव्हती. मनकर्णेनं चांदण्याला नाल्यावर धुतलं, उरलेलं शिंग गेरूनं रंगवलं, दुसऱ्या बाजूच्या खुणेवर हळद-तेल लावलं आणि त्याला घेऊन ती ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढं सगळ्या जोड्या होत्या. पंचांनी मागं वळून पाहिलं. रामकिसननंही पाहिलं. डफडं वाजायला लागलं, आणि कोणी काही बोलायच्या आत ओळ हलली. चांदण्या एकटा चालेना. उजव्या अंगाला कोणी असल्याखेरीज त्याला चालायची सवय नव्हती. मनकर्णा त्याच्या उजव्या बाजूला आली, तसा तो चालायला लागला.

तोरण तुटल्यावर बैल आपापल्या दारी गेले. विजयमाला तांब्या आणि ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या जोडीचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. रामकिसन बैल घेऊन गोठ्यात गेला. मग चांदण्या दारात आला. विजयमालेनं त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि कपाळाला कुंकू लावलं. मनकर्णा त्याच्या बाजूलाच उभी होती, अनवाणी, चिखलानं घोट्यापर्यंत भरलेली. जावेनं तिच्याकडे पाहिलं. मग वाकून, तांब्यात उरलेलं पाणी तिनं मनकर्णेच्या पायांवर घातलं.