बाबांच्या मानेतला तुकडा

ज्ञानोबांच्या मानेतली धमनी चरबीनं अर्ध्याहून जास्त बुजली होती. दोनदा हाताला मुंग्या येऊन हातातलं ताट सुटलं, तेव्हा महामायानं वडलांना मुदखेडहून लातूरला आणलं. ऑपरेशन झाल्यावर त्यांच्या धमनीतून काढलेला चरबीचा तुकडा तिच्याच प्रयोगशाळेत येणार होता. पाच वर्षं ती असेच तुकडे तपासत होती.

नात्यातल्या माणसानं संमती घ्यायची नाही, असा नियम. म्हणून प्रयोगशाळेतली मंजुश्री फॉर्म घेऊन गेली. उदगीरची ही मुलगी कामाला लागून दोनच वर्षं झाली होती, आणि प्रयोगशाळेचा मोठा शोधनिबंध महामायाऐवजी तिच्या नावावर छापून आला होता. महामाया दाराशी उभी राहून ऐकत होती.

"काका, टी पेशी म्हणजे अंगातल्या राखणदार. जंतू आला की झुंजतात. पण धमनीत चरबी साचली की त्या भिंतीत शिरतात. काही तिथली सूज वाढवतात, काही शमवतात. तुमच्यात कोणत्या जास्त, ते बघायचंय."

ज्ञानोबा खुलले. "लई भारी सांगतीस गं! आमची पोर एवढी वर्सं हेच करून राहिली, पण एक अक्षर सांगितलं न्हाई."

महामायाला ते झोंबलं. निबंध नेला तो नेला, आता बापही हिचाच?

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मंजुश्री यंत्र लावत होती, म्हणून थिएटरातून तुकड्याची डबी आणायला महामाया गेली. पेशी जिवंत हव्या असतील तर डबी बर्फातच ठेवून लगेच पोचवायची असते. तिनं ती बाहेर काढली, खिडकीत उन्हाला ठेवली आणि दीड तास बाकावर बसून राहिली.

दहात एक पेशीसुद्धा जिवंत निघाली नाही. "थिएटरातच उशीर झाला असेल," मंजुश्री हळहळली. महामायानं रिकामी डबी धुवायला घेतली.

संध्याकाळी ज्ञानोबांनी विचारलं, "घावलं का काही? त्या पोरीला मीच खोदून खोदून इचारलं. तू घरी बोलत न्हाईस. म्हणलं, आपली माया दिवसभर करती तरी काय, ते कळावं."

महामाया तडक प्रयोगशाळेत गेली.

"डबी मी उन्हात ठेवली होती. मुद्दाम."

मंजुश्रीनं हातातली वही खाली ठेवली. "स्वतःच्या बापाचा तुकडा?"

"हो."

"सरांना तू सांगतेस, का मी सांगू?"

"मीच सांगते."

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सहा महिने तिला नमुन्यांना हात लावू दिला नाही. तुकड्याचा एक काप थिएटरातच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, राखला होता. त्यातल्या मेलेल्या पेशी रंगवून मंजुश्रीनं मोजल्या. तिच्या वहीवरचे आकडे बघताना महामायाला पुन्हा झोंबलंच.

वडलांना घरी नेताना गाडीत तिनं सगळं सांगितलं. मुदखेडला उतरताना ज्ञानोबा एवढंच म्हणाले, "मग कोणत्या जास्त होत्या?"

"सूज वाढवणाऱ्या. त्या ओळखायच्या कशा, सांगू?"

"सांग की."