मुख्य नोकरी

लाकडाचा तो दोन दातांचा काटा — बोटभर लांबीचा, चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, टोचून खायचा — कार्डिगनच्या खिशात आला कुठून, हे हेदरला काही केल्या आठवेना. एका कानाला फोन होता, फोनमध्ये मघापासून तेच ते पियानोचं संगीत चाललं होतं, आणि मधूनच एक बाई, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं सांगून पुन्हा पियानोला जागा करून देत होती. हेदरनं काटा नाकाशी नेला. व्हिनेगरचा वास... की नुसतं वाटलं तसं? हे कार्डिगन तर नव्या नोकरीसाठी म्हणून घेतलेलं, डॅडच्या मासे-चिप्सच्या दुकानात एकदाही न नेलेलं. त्याच्या खिशात काटा यायचं काही कारणच नव्हतं. तिनं तो परत खिशात टाकला आणि जिन्याच्या पायरीवर जरा सरकून बसली.

हॉस्पिटलच्या मागच्या जिन्याला जेवणाच्या सुट्टीत कुणी येत नाही. सकाळी पगाराचं बघणारी डोरीन मुद्दाम डोळ्यांच्या विभागात, हेदरच्या काउंटरपर्यंत चालत आली होती — आणि डोरीन चालत येते तेव्हा बातमी चांगली नसते, हे हेदरला दोन महिन्यांत कळून चुकलं होतं.

"बाई ग, तुझा कर कोड चुकलाय," डोरीन काउंटरवर कोपर टेकत म्हणाली. "याही महिन्याला तसाच आला. पहिल्या पौंडापासून कर कापताहेत तुझा. प्रत्येकाला बिनकराचा वाटा असतो की नाही, तो तुझा त्यांनी दुसऱ्याच नोकरीला लावून टाकलाय."

"दुसरी नोकरी कुठली मला?"

"ते मला काय विचारतेस? आलीस तेव्हा तूच लिहून दिलंस, अजून एक नोकरी आहे म्हणून. रात्रीची नाचायला-बिचायला जातेस की काय कुठं?"

डोरीन एवढ्या मोठ्यानं हसली, की डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या म्हाताऱ्यांनी मिचमिच्या नजरेनं वर पाहिलं. हेदरही हसली. लिहून दिलं होतं खरं. तीन ओळींपैकी एकीपुढे खूण करायची होती: ही माझी एकुलती नोकरी, की आधी एक होती ती सुटली, की अजून एक आहेच. आणि तिनं तिसरीपुढे खूण केली होती, कारण त्या दिवशी तिला खरोखरच वाटत होतं, की शुक्रवारी संध्याकाळी तरी आपण दुकानात जात जाऊ — शुक्रवारी सगळं हल शहर मासे खातं, डॅड एकटा किती तळणार, किती बांधणार. मग पहिला शुक्रवार आला आणि ती अंघोळ करून सोफ्यावर बसून राहिली. दुसऱ्या शुक्रवारीही. मग न जाण्याचीच सवय झाली, आणि खूण मात्र राहून गेली.

पण नोकरी सोडली, असं तरी मी कुठं म्हणाले डॅडला? शेवटच्या संध्याकाळी चिप्स निथळवत होते मी, पाठमोरी, आणि म्हणाले, "डॅड, हॉस्पिटलात एक जागा आहे, जरा बदल म्हणून बघते." तो हॅडॉक मासा पिठात बुडवत होता. "बरं," म्हणाला. एवढंच. चोवीस वर्षांचं काम आणि त्यावर बोलणं झालं ते एवढं... नंतर त्यानं चहा केला, मी कप विसळले, त्यानं विचारलं पाऊस थांबला का, मी म्हणाले थांबला वाटतं. आमच्या घरात कुणी गेलं तरी आधी किटली चढते. माझी मम, आई, गेली तेव्हाही तसंच. ती गेली आणि गल्ल्यावर मी आले, तळायला डॅड, त्यावरही कुणी काही बोललं नव्हतं.

पियानो तुटला. "हॅलो, कर खातं. कशी मदत करू?" आवाज तरुण होता, जरा सर्दी झालेला. नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं विचारून झालं, आणि पलीकडे कीबोर्ड वाजत राहिला.

"हां, दिसलं. तुमची मुख्य नोकरी आहे... 'क्लिफ थर्लो आणि कन्या'. मासे आणि चिप्स. बरोबर? हॉस्पिटल आहे ती दुय्यम. म्हणून तो कोड लागलाय."

"ती मुख्य नाही," हेदर म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाली, "ती आता नोकरीच नाही."

"पण मालकांनी तुम्ही सोडल्याचं कळवलेलं नाही. नाव पगारपत्रकावर आहे अजून. पगार शून्य, पण नाव आहे." तो शिंकला. "माफ करा. काही अडचण नाही, तारीख सांगा, मी आत्ता बदलतो. फक्त मालकांकडच्या तारखेशी जुळली पाहिजे, नाहीतर पुन्हा घोळ होतो. शेवटचा दिवस कोणता?"

शेवटचा दिवस. दिवस होता, तो आठवतही होता. सांगायला काय हरकत होती? एप्रन खुंटीला लावला, मागच्या दारानं बोळात आले, बोळातून घरी. पण ती तारीख आपण एका सर्दी झालेल्या पोराला सांगायची, आणि डॅडला ती कुठल्यातरी कागदावरून कळायची — म्हणजे शेवटी बापाला नोटीस देण्यासारखंच ते...

"विचारून सांगते."

"मालकांना?"

"हो," ती म्हणाली, "मालकांना."

दुपारभर ती म्हाताऱ्यांची नावं पुकारत राहिली. नाव पुकारताना दुकानावरची ती पाटी डोळ्यांपुढे येई: क्लिफ थर्लो आणि कन्या. ती शाळा सोडून दुकानात आली त्या आठवड्यात डॅडनं रंगाऱ्याला बोलावून ते शेवटचे दोन शब्द घालून घेतले होते. शेजारपाजारचे म्हणाले, मुलाचं नाव लावतात लोक पाटीवर, हा मुलीचं लावतोय. डॅड म्हणाला, तुमच्या मुलाला बटाटे सोलता येतात का तेवढं आधी विचारून या. तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! आणि तेव्हापासून केसांना तळणीतल्या चरबीचा वास, डोकं तीनदा धुतलं तरी. सिनेमाला शेजारी बसलेला मुलगा हुंगून म्हणाला होता, भूक लागली बुवा. आता दोन महिने झाले, केसांना वास नाही. रोज सकाळी ती उशी हुंगते आणि रोज तिला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटतं. डॅडनं पगारपत्रकावरून नाव काढलं नाही ते विसरून नाही. तो बटाट्याचं एक पोतं विसरत नाही. ते नाव त्यानं दार लोटून ठेवावं तसं ठेवलंय, कडी न लावता. मग ती कडी मी जाऊन लावायची का?

संध्याकाळी ती बसमधून उतरली आणि सवयीनं बोळाकडे वळली. मागच्या दाराशी पोचली असती तर आत गेली असती, आत गेली असती तर खुंटीवरचा एप्रन दिसला असता, आणि एप्रन दिसल्यावर हात आपोआप वर गेला असता. ती अर्ध्या बोळातून परत फिरली. पुढच्या रस्त्याला आली आणि रांगेत उभी राहिली.

रांग दाराबाहेर आली होती. आत डॅड एकटाच, तळणं, बांधणं, गल्ला, तिन्हीकडे धावत होता. पांढऱ्या कागदी टोपीखाली कान लाल झालेले. आपण बांधायला असतो तर रांग निम्मी झाली असती, हे तिला हिशेब न करता कळत होतं.

"अरे क्लिफ," पुढच्या मिसेस गॉस्लिंग ओरडल्या, "लाज वाटते का? पोटच्या पोरीला रांगेत उभी केलीस!"

डॅडनं मान वर केली. हेदरला पाहिलं, तिच्या कार्डिगनला पाहिलं. "रांग सगळ्यांना सारखीच," तो म्हणाला, आणि मिसेस गॉस्लिंगसाठी टाकलेल्या बटाट्याच्या पॅटी तळणीत उलटल्या.

तिची पाळी आली. काचेच्या या बाजूनं तिनं दुकान कधी पाहिलं नव्हतं. काच एवढी उंच असते हेही तिला माहीत नव्हतं.

"एक पॅटी, चिप्स," ती म्हणाली. आणि मग, तो पाठमोरा झाल्यावर — पाठमोऱ्या माणसाशी बोलायचीच सवय दोघांना — म्हणाली, "डॅड, माझं नाव अजून पगारावर आहे. ते काढायला हवं. तिकडे घोळ होतोय."

चरबी तडतडत होती. मागचं कुणी खोकलं.

"कुठली तारीख घालायला सांगू?" डॅडनं न वळता विचारलं.

"तू सांग," ती म्हणाली.

"मार्चचा शेवटचा शुक्रवार," डॅड म्हणाला. त्याला आठवावं लागलं नाही. "पॅटी करपवल्यास त्या दिवशी. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, चला... गेली ही." त्यानं झारा कडेवर दोनदा आपटला. "सोमवारी सांगतो हिशेबवाल्याला."

म्हणजे त्याला कळलं होतं. मी एप्रन काढायच्या आधीच कळलं होतं, आणि तरी "बरं" म्हणाला होता. हेदरला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखंही. दोन्ही इतकं एकदम की यातलं कुठलं आधी, ते तिला कळेना.

डॅडनं काउंटरवर कागद पसरला, वर चिप्स ओतले, पॅटी ठेवली. रोज दुकान बंद केल्यावर तो असंच एक पुडकं तिच्यासाठी बांधायचा. वर काय घालायचं ते त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. तो घालायचा ते ती खायची. आता त्याचा हात मिठाच्या डब्यावर जाऊन थांबला. तो तिच्याकडे बघत होता, रांगेतल्या सगळ्यांकडे बघतो तसा, अगदी नीट, नम्रपणानं.

"मीठ, व्हिनेगर?"

खिशातला काटा तिच्या मुठीत आला होता. मागची रांग पुढे रेटत होती, कागदावरच्या चिप्सची वाफ काचेवर धरत होती, आणि डॅड उत्तराची वाट बघत होता. हो म्हणावं की नाही... घालतोस तेवढं घाल, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चव जिभेवर आणून बघितली, येईना. इतक्या वर्षांत — मला मीठ आवडतं का?