ब्लीचच्या हौदातली अंगठी

शनिवारी दुपारी तीनचा भोंगा झाला. तीन वाजून दहा मिनिटांनी तिप्पण्णाने रबरी हातमोजे काढून कडुनिंबाच्या फांदीला अडकवले, बाह्या वर सारल्या आणि उघडे हात कोपरापर्यंत ब्लीचच्या हौदात घातले. भोवती उभ्या असलेल्या दीडशे माणसांनी एकदम जयघोष केला.

जयघोष अर्थात तिप्पण्णाचा नव्हता. तो हौदापासून सुरक्षित अंतरावर, घोंगडीवर बसलेल्या लोहसिद्ध महाराजांचा होता.

साल १९७८, महिना मार्च. सोलापुरातल्या या कारखान्यात चादरींचं सूत पांढरं करून रंगवत. गर्दीत तिप्पण्णाची मुलगी रुद्राणीही होती. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि शनिवारची सकाळची शाळा आटोपून थेट इथे आली होती. कारण साधं होतं. सकाळी अप्पांना ज्वारीची भाकरी मोडता आली नव्हती. बोटांच्या शेंड्यांची कातडी सोलून गुलाबी झाली होती, आणि विचारलं तर ते हसून म्हणाले होते, "जुनी कातडी जाती, नवी येती. महाराज बोललेत."

महाराजांचा मुख्य चमत्कार असा. मागच्या सोमवारी त्यांनी आपला चंदेरी दंड ब्लीचच्या हौदात उभा केला आणि गुरुवारी बाहेर काढला. दंड जसाच्या तसा. दुसऱ्या गावच्या माणसाला यात काही वाटलं नसतं. पण या माणसांची हयात हौदाच्या काठावर गेली होती. लोखंडी आकडा किती दिवसांत झिजतो, पितळी ओगराळं कधी काळं पडतं, स्टीलच्या पेल्याची चाळणी किती महिन्यांत होते, हे त्यांना तोंडपाठ होतं. ब्लीच काय खातं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच ब्लीचने न खाल्लेल्या वस्तूपुढे त्यांनी सगळ्यांत आधी हात जोडले.

"लोकंड गंजतं! तांबं हिरवं पडतं! सोनं चोर नेतो!" महाराज गरजले. "आमचं सिद्धलोह कैलासावरनं पडलंय, म्हणून हलकं हाय. पापी लोहचुंबकाला ते शिवत न्हाय. ज्ञानबा, दाखव रे रंग!"

ज्ञानबा हा त्यांचा शिष्य. त्याने चिमट्यात एक अंगठी धरून शेगडीवर तापवली. चंदेरी अंगठी आधी सोनेरी झाली, मग जांभळी, मग निळी.

"पाप जळालं की रंग चढतो," महाराज म्हणाले. "ही अंगठी ज्याच्या बोटात, त्याच्या हाताला ब्लीच शिवणार न्हाय. मोजं घालणं म्हंजे शंका घेणं!"

"आणि कातडी सोलली तर?" रुद्राणीने विचारलं.

"तर शंका आत शिल्लक हाय."

"बरीच सोय आहे तुमची. हात बरा राहिला तर अंगठीमुळे, सोलला तर माणसामुळे."

चारदोन जण हसले. तिप्पण्णाला मात्र लाज वाटली. "रुद्री, घरी जा बघू," तो दबक्या आवाजात म्हणाला.

रविवारी दोन गोष्टी घडल्या. रामहरी नावाच्या कामगाराला महाराजांनी दिलेली अंगठी ढिली होऊन गटारात पडता पडता वाचली. "भक्ताच्या मापानं आपसूक बसती म्हणाले, आन् माझ्यात तर दोन बोटं जातेत," असं म्हणत त्याने ती रुद्राणीकडे ठेवायला दिली. तिप्पण्णाची बोटं जाड, म्हणून त्याने आपली करंगळीत घातली होती. रुद्राणीने दोन्ही अंगठ्या सुताने मोजून पाहिल्या. माप एकच. कडांवर करवतीच्या दात्यांचे बारीक ओरखडे.

ती कारखान्याचा फिटर विरुपाक्ष याच्याकडे गेली. त्याने रामहरीची अंगठी तळहातावर झेलली, उन्हात फिरवली आणि तो हसायलाच लागला.

"बाई, ही अंगठी न्हवं, नळीची चकती हाय. परदेशी ब्लीचिंग मशीन आणलं न्हवं का, त्याच्यात तापवायच्या नळ्या असल्याच. जुन्या काढून भंगारात टाकल्या. टायटॅनियम म्हणतेत त्याला."

मशीनसोबत आलेलं पुस्तक त्याने पेटीतून काढलं. रुद्राणीने तासभर ते वाचलं. या धातूच्या अनेक प्रती असतात. जवळजवळ शुद्ध असलेली प्रत मऊ, वाकवता येणारी. हवा लागताच तिच्यावर इतका पातळ पापुद्रा धरतो की डोळ्याला दिसत नाही, आणि ब्लीचला तो खाता येत नाही. म्हणून ती रसायनांच्या कारखान्यात नळ्यांना, पंपांना वापरतात. अधिक कडक आम्लांसाठी त्याच धातूत पॅलॅडियमचा चिमूटभर अंश घालतात. आणि शंभरात सहा भाग ॲल्युमिनियम, चार भाग व्हॅनेडियम मिसळलं की होते ती कणखर प्रत, विमानांची.

"पण कारखान्यातले कारकून म्हणत होते, महाराजांचा धातू विमानातून पडला असेल," रुद्राणी म्हणाली. "आकाशातून आला हे तरी खरं ठरेल."

"आकाशातनं आलाय का गोदामातनं, आत्ता बघू." विरुपाक्षाने अंगठी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरली आणि आवळत नेली. अंगठी निमूट चपटी झाली, तडकली नाही. "विमानाची असती तर अशी मुकाट वाकली नसती. ही आपली हौदातलीच."

सोमवारी दुपारी तीन वाजता पुन्हा गर्दी जमली. रुद्राणीने महाराजांपुढे ब्लीचने भरलेली काचेची बरणी ठेवली.

"महाराज, अंगठी हाताला राखते म्हणता. मग केसाला राखेल?"

"राखेल की! सिद्धलोह हाय ते!"

"मग तुमच्या जटेतली एक बट द्या. आमच्या केसांत शंका असेल, तुमच्या केसांत नसणार."

महाराजांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "जटा देवाची हाय, तोडत न्हाईत."

"तोडायची कशाला? राखणार आहे ना अंगठी!" मागून रामहरी ओरडला. "द्या की महाराज, दोन केसानं टक्कल पडत न्हाय!"

दीडशे माणसं हसत असताना नाही म्हणणं अवघड झालं. ज्ञानबाने कात्री आणली. बटेत ज्ञानबाकडची एक अंगठी ओवून रुद्राणीने दोन्ही टोकं काडीला बांधली आणि काडी बरणीच्या तोंडावर आडवी ठेवली. केस आणि अंगठी ब्लीचमध्ये लोंबू लागली.

"हे दाट आहे आणि कोमटही," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हौदातलं पातळ असतं, तिथे दिवस लागतात. इथे मिनिटं लागतील. फरक वेळेचा, गुणाचा नाही."

महाराजांनी मंत्र सुरू केला. पाच मिनिटांनी केस पिवळट पडले. दहाव्या मिनिटाला बुळबुळीत झाले. अठराव्या मिनिटाला बरणीतून आवाज आला, टण्. अंगठी तळाशी पडली होती, लखलखीत. जटा नव्हती.

गर्दी बरणीवर वाकली. मग ज्ञानबाच पुटपुटला, "महाराज, बट कुटं गेली?"

रुद्राणीने चिमट्याने अंगठी काढून पाण्यात धुतली आणि उंच धरली. "अंगठीला ब्लीच खात नाही हे महाराज खरं बोलले. त्या धातूचा तो गुणच आहे. तापवल्यावर चढणारे रंगही, त्यावरचा पातळ पापुद्रा जाड होतो त्याचे, पाण्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे. पण अंगठीचा गुण बोटात उतरत नाही. केस आणि कातडी एकाच घडणीची. आज केस गेले, तिथे उद्या तुमची बोटं. तुम्ही इथे वीस वीस वर्षं ब्लीच पाहताय. काय टिकतं, काय झिजतं, ते पाहूनच शिकलात ना? मग हाताच्या बाबतीतच डोळे का मिटता? कुणी काही सांगितलं तर आधी लहान बरणीत करून बघा. आपला हात शेवटी घाला."

"आणि महाराजांनी पहिला!" रामहरी म्हणाला.

सगळ्यांनी हौदाकडे पाहिलं, मग महाराजांकडे. महाराजांना तातडीने मंगळवेढ्याच्या एका भक्ताची आठवण झाली. साडेचारच्या एसटीत ते बसलेले लोकांनी पाहिले. घाईत दंड मात्र मागेच राहिला. दोन्ही टोकांच्या टोप्या विरुपाक्षाने काढल्या. दंड म्हणजे भंगारातलीच पोकळ नळी होती.

 संध्याकाळी घरी रुद्राणी बोटांना खोबरेल लावत असताना तिप्पण्णा एवढंच म्हणाला, "पण रंग लई देखणे होते, गं."

"देखणे होतेच, अप्पा. मी कुठे नाही म्हणते?"

मंगळवारी भंगाराची मोजदाद झाली. नळी साडेपाच फूट कमी भरली. दंड आणि वाटलेल्या अंगठ्या मिळून तीन फुटांचा हिशेब लागतो. उरलेली अडीच फूट कुठे आहे आणि ती गोदामाबाहेर कोणी दिली, हे अजून कळलेलं नाही. वळसंगला कुणीतरी पाठदुखीवर चंदेरी कडी देतो आहे, असं रामहरीने ऐकलं आहे. विरुपाक्ष रविवारी जाऊन बघणार आहे.

बुधवारी सकाळी सातला तिप्पण्णा मोजे घालून हौदावर उभा राहिला. डाव्या मोज्यात, करंगळीच्या मुळाशी, एक गोल फुगवटा दिसत होता.