गार झालेले जंतू

आमचे जावई शब्द तोलूनमापून वापरणारे. त्या दिवशी एकच वापरला, आणि तोही नेमका नको तो.

मी चीजवाली. कच्च्या दुधाचं मऊ चीज करायचं, मिठाच्या पाण्यात मुरवायचं आणि दुकानातल्या फ्रिजात ठेवायचं, हा माझा धंदा. जावई पलीकडच्याच गल्लीतल्या अन्नतपासणीच्या लॅबमध्ये. लेकीला दिवस गेलेले आणि पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या दुपारी ती दुकानात येऊन बसली आणि एकाएकी म्हणाली, "आई, तुझं चीज दे ना!" मला काय करू नि काय नको असं झालं.

तरी शहाणपणा करून जावयांना फोन लावला. "अहो, फ्रिजमध्ये जंतूंचं काय होतं?"

"गार होतात," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद.

गार होतात म्हणजे मेलेच की! माणूस गार झाला म्हणतो तेव्हा तो काय परत उठून बसतो? त्यात वर मीठ. मी निर्धास्तपणे चांगली मोठी फोड कापली.

लेकीनं घास उचलला आणि जावई दारात, धापा टाकत. आल्या आल्या त्यांनी तिच्या हातातला घास काढून घेतला आणि ताटलीही उचलली. माझं डोकंच फिरलं. "अहो, कधी नव्हे ती पोर खातेय! लाज नाही वाटत?"

"आई, गार होतात म्हणजे थंड होतात हो! मरत नाहीत. तुम्ही कशासाठी विचारलंत ते फोन ठेवल्यावर डोक्यात आलं."

"आणि मिठात?"

"जंतूंची एक जात मिठातही तगते. थंडीनं तूप थिजतं ना, तसं एरवी जंतूचं आवरण थिजतं. या जातीचा जंतू आपलं आवरण तेलासारखं सैल ठेवतो आणि फ्रिजातही सावकाश वाढतो. मीठ अंगातलं पाणी ओढायला लागलं की अन्नातलंच काहीबाही आत भरून घेतो आणि पाणी धरून ठेवतो. आपल्याला फार तर ताप येईल, पण पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततं."

"माझ्या चीजमध्ये आहे तो?"

"असेलच असं नाही. पण नसेलच असंही नाही."

माझ्या हातचं, आणि माझ्याच लेकीला! मी सुरी खाली ठेवली.

"थंडीला भीत नाही, मिठाला जुमानत नाही," लेक म्हणाली, "म्हणजे अगदी आईच. पण मला भूक लागलीय, त्याचं काय?"

"चांगलं तापवलं की मरतो," जावई म्हणाले.

माझं चीज तापवायचं? एरवी असं म्हणणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण निमूटपणे टोमॅटोवर पसरलं आणि पार खदखदेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवलं. लेकीनं पाव फिरवून भांडं लख्ख केलं आणि आणखी मागितलं. इतक्या दिवसांनी तिला खाताना बघून माझंच पोट भरलं.

या सगळ्यात जावयांसाठी ओतलेला चहा तसाच राहिला. त्यांनी कपाला हात लावला. "गार झाला वाटतं."

"थंड झाला म्हणा," मी डाफरले. "बाळ ऐकतंय."