कोनशिलेखालचं पाणी

शहाण्णव साल होतं. दिल्लीत त्या वर्षी सरकारं पाहुण्यांसारखी येत-जात होती आणि यमुनेपलीकडे, नोएडात, मोहरीच्या शेतांवर नवे सेक्टर उठत होते. करोलबागेतली जुनी बिऱ्हाडं हलवून कितीतरी मराठी मंडळी तिकडे निघाली, त्यांतच चंद्रप्रभा दामलेही. नवरा भालचंद्र बँकेत होता, मुलगी अवनी कॉलेजात. ती स्वतः भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होती.

संस्थेचा डेन्मार्कच्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. प्रश्न साधा होता: या नव्या वसाहतींखाली पाणी किती, आणि उपसा असाच वाढत गेला तर ते पुरणार किती? त्यासाठी रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत एक निरीक्षण विहीर होती. विहीर आपली म्हणायची. खरं तर तो जमिनीत खोल उतरवलेला लोखंडी नळ, वर झाकण. दर सोमवारी चंद्रप्रभा चार्टर्ड बसमधून संस्थेच्या अलीकडेच उतरायची, झाकण काढून मोजफीत खाली सोडायची. फितीच्या टोकाला पितळी लोलक होता. तो पाण्याला टेकला की खालून ‘टुप्’ असा आवाज यायचा. ट्रक गेला तर ऐकू यायचा नाही, म्हणून ती वाकून नळाला कान लावायची. समोरचा चहावाला हमखास ओरडायचा, “मॅडम, लाइन लग गई क्या?”

“एंगेज आ रही है!” तीही ओरडायची.

तीन उन्हाळे सलग मोजायचे होते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी चांगलंच खाली गेलं होतं. तिसऱ्यातही तसंच दिसलं, तर दोन्ही देशांच्या सह्यांचा अहवाल नगररचनेपुढे जाणार होता, आणि पुढचे सेक्टर आखण्याआधी पाण्याचा विचार करणं त्यांना भाग पडणार होतं. नोंद मध्येच तुटली, तर अहवाल नाही. करारातच तसं होतं.

मुलं नळात खडे टाकतात, भोवती तारेचं कुंपण घाला, असं ती पहिल्यापासून सांगत आली होती. कोणी दाद दिली नाही. मग फेब्रुवारीत डॅनिश पाहुणे येणार असं ठरलं आणि मंजुरी धावत आली. चंद्रप्रभा निश्चिंत मनाने भाचीच्या लग्नाला पुण्याला गेली.

परत आली त्या सोमवारी तिला जागाच ओळखू येईना. गुलाबी फरशा, अशोकाच्या कुंड्या, रंगवलेल्या साखळ्या. मधोमध चौथरा, त्यावर काळीभोर कोनशिला: ‘भारत-डेन्मार्क जलसहकार्य’, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत मंत्र्यांचं नाव.

“नळ कुठाय?” ती मराठीतच म्हणाली.

तिथे उभ्या ठेकेदाराला कळलं. “वो पाइप? बीच में आ रहा था, मॅडम. काटके बराबर कर दिया. पत्थर एकदम बढ़िया बैठा है.”

ती तशीच संचालकांकडे गेली. डॉ. माथुर सज्जन माणूस होते. कोणालाही नाही म्हणायचे नाहीत आणि काहीही करायचे नाहीत.

“सर, आपण विहिरीवरच विहिरीची कोनशिला बसवलीय.”

“फोटो अच्छा आएगा,” ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, “फंक्शन हो जाने दीजिए. फिर देखते हैं.”

समारंभ झाला. झेंडूच्या माळा, भाषणं, सामोसे. डेन्मार्कच्या बिर्गिटबाई तिच्या कानाशी लागल्या, “प्रभा, सगळं छान आहे. पण विहीर?” चंद्रप्रभाने कोनशिलेकडे बोट दाखवलं. बिर्गिट आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

मार्च गेला, एप्रिल गेला. चौथरा हातभर सरकवायचा, एवढंच मागणं होतं. नवी विहीर खणून भागणार नव्हतं. जुन्या नोंदीला ती जोडता आली नसती. पण मंत्र्यांच्या नावाच्या दगडाला हात कोण लावणार? एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने परत पहिलीकडे. शेवटी माथुर हळूच म्हणाले, “दो साल के आंकड़े हैं ना? औसत निकालकर भर दीजिए.”

“मग तिसरा उन्हाळा कशाला मोजायचा होता, सर? पहिल्याच वर्षी सरासरी काढून मोकळे झालो असतो!”

घरी भालचंद्र तिला चिडवायचा. दर संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाऊन डोकं टेकवून येणारा माणूस तो. “प्रभे, पानिपतला निदान लढाई तरी झाली. तुझं सामोशांवरच आटोपलं.”

“बाबा, यार, चूप!” अवनी म्हणाली. “आई, तू सब्बल घेऊन जा ना. ते... मराठीत काय म्हणतात त्याला?”

“पहार,” चंद्रप्रभा म्हणाली. आणि खरंच मनात आलं तिच्या.

तेवढ्यात सरकार बदललं. मंत्री बदलले. जूनच्या मध्यावर माथुरांचा फोन आला, “बधाई हो! पत्थर हट रहा है.” पाऊस यायचा होता. पाणी सगळ्यात खाली असतं ते हेच दिवस. शेवटचे एक-दोन सोमवार मिळाले तरी बिर्गिट अहवाल रेटून नेणार होत्या. चंद्रप्रभा फीत पिशवीत टाकून रिक्षाने धावत गेली.

दगड निघालेला होता. चौथराही. खड्ड्यात नळाचं कापलेलं तोंड दिसत होतं, म्हणजे दिसायला हवं होतं. ते काँक्रीटने काठोकाठ भरलं होतं. शेजारी दोरखंडात बांधलेला नवा दगड, आधीच्याहून उंच. त्यावर नव्या मंत्र्यांचं नाव.

“ये भारी है ना, मॅडम,” तोच ठेकेदार म्हणाला. “नीचे खोखला था. मैंने पूरा भरवा दिया. अब सौ साल नहीं हिलेगा.”

चहावाल्याने न मागता चहा आणून दिला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही.

अहवाल झाला नाही. कराराचा पुढचा टप्पा दुसऱ्या देशाला गेला. बिर्गिट तिथे पुष्कळ वर्षं काम करत होत्या. नाताळाला त्यांचं कार्ड यायचं, पुढे तेही थांबलं. माथुर निवृत्त होऊन पाण्यावरच्याच एका समितीचे अध्यक्ष झाले. ठेकेदाराने पुढे दोन सेक्टर बांधले. भालचंद्र गेला, त्याच्यानंतर काला अंबला घरातलं कोणी गेलं नाही. अवनी नोएडातच अठराव्या मजल्यावर राहते. त्यांच्या सोसायटीची बोअर आटली आहे, टँकर येतो.

चंद्रप्रभा तिच्याचकडे असते. ती फीत आणि पितळी लोलक तिने जपून ठेवलाय. कधी मेट्रोने त्या बाजूने जाणं झालंच, तर खिडकीतून दगड दिसतो. तो खरंच हललेला नाही. खाली पाणी कुठवर गेलंय, हे मात्र विचारायची सोय नाही.