दोन बंदुका, दोन बोल्ट

"लुत्सीकाका, हिची टाच उघडून बघू का?"

फ्लुरिनाने विचारून टाकलं एकदाचं! मागे तिच्या मैत्रिणी लाडिना आणि कार्ला एकमेकींच्या पाठीत तोंड खुपसून खिदळत होत्या. काकांना हे विचारून दाखवायची पैज त्यांनीच लावली होती. बंदुकीच्या दस्त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीला, म्हणजे टाचेला, कुणी हात लावलेला जुन्या बंदुका विकणाऱ्या लुत्सीकाकांना खपत नसे. गेल्या वर्षी झुरिकहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी पेचकसासकट गावाबाहेर काढलं होतं.

पण फ्लुरिनाला मागच्याच महिन्यात अठरा पूर्ण झाली होती. आता क्लबची उसनी बंदूक नको, स्वतःची हवी. दोन आठवड्यांवर आलेल्या नेमबाजीच्या जत्रेत आपल्याच बंदुकीने उतरायचं, असं तिने वर्गात छाती ठोकून सांगितलं होतं. निवड चुकली तर अख्खं खोरं हसणार.

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टाच शेवटी. आधी बाकीचं बघ. तू काय काय बघतेस ते मलाही बघू दे."

नेमबाजांच्या लाकडी घरातल्या बाकावर सैन्यातून निवृत्त झालेल्या दोन बंदुका आडव्या पडल्या होत्या. एक चकचकीत. दुसरीचा दस्ता बर्फात उभा राहून राहून खालून काळा पडलेला.

"ह्यात बघायचंय काय?" बाबांनी चकचकीत बंदूक उचललीसुद्धा. "आरसा आहे आरसा! बंदुकीतलं मला कळतं, तू तुझं गणित सांभाळ."

"द्या इकडे." फ्लुरिनाने आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा लोखंडी दांडा, सरळ मागे ओढून बाहेर काढला, नळीच्या एका टोकाशी पांढरा कागद धरला आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला. मग तोंडाकडची कड बोटाने चाचपली. "बाबा, हे भोक गोल राहिलेलं नाही. पुढून पुसायचा गज घालून घालून कुणीतरी एका बाजूने घासलंय. गोळी बाहेर पडतानाच भरकटणार. आणि लाकूड इतकं तासलंय, की सैन्याचे शिक्के पुसट झालेत."

"शिक्के काय चाटायचेत?" बाबा पुटपुटले. आई मात्र अक्रोडाच्या केकचा तुकडा हातात तसाच धरून पुढे सरकली.

मग काळ्या दस्त्याची. आत डोकावताच फ्लुरिना किंचाळली, "अगं आई गं!" नळीतले पीळ शेवटपर्यंत धारदार, गंजाचा ठिपका नाही. तोंड बांगडीसारखं गोल. तिने घाईघाईने एकेका भागावर कोरलेले आकडे वाचले. नळीवर शेवटी चारशे बारा. बोल्ट सरकतो त्या लोखंडी घरावर चारशे बारा. गोळ्यांच्या पेटीवरही तेच. आणि बोल्टवर... पाचशे सत्त्याऐंशी.

"झालं!" बाबांनी टाळी वाजवली. "दुसरीचाच बोल्ट. ठेव खाली."

फ्लुरिनाचा चेहरा पडला. तिने बंदूक खाली ठेवली. ठेवता ठेवता शेजारच्या चकचकीत बंदुकीच्या बोल्टवर नजर गेली. तिने तो उचलून खिडकीपाशी नेला. चारशे बारा! आणि त्या बंदुकीच्या नळीवर पाचशे सत्त्याऐंशी!

"काका, ह्यांचे बोल्ट बदललेत! हिचा तिला, तिचा हिला!"

लुत्सीकाकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी खिशातून पेचकस काढून तिच्या हातात दिला. कार्लाने खिदळणं थांबवलं.

दोन-दोन स्क्रू निघाले. टाचांखाली घडी घातलेले, पिवळे पडलेले कागद होते, सैनिकांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलेले. चकचकीत बंदुकीत योस. काळीमध्ये हिट्श.

"योस माझा बाप, हिट्श काका," लुत्सीकाका म्हणाले. "सैन्यातून सुटल्यावर दोघं दर शरदात आमच्या जेवणाच्या टेबलावर बंदुका पुसत बसायचे. मध्ये बाटली. बोल्ट शेजारी शेजारी. अन् जन्मभर भांडण, की माझी नीट चालत नाही, तुझीच चांगली. आम्ही पोरं हसायचो. आकडे एकानेही वाचले नाहीत."

फ्लुरिनाने बोल्ट अदलाबदल करून सरकवले. काळीचा तर लोण्यात सुरी गेल्यासारखा आत गेला.

"घासलेली माझ्या बापाची," काका हसले. "गज पुढून घालू नको म्हणून आई रोज ओरडायची त्याला. पैजेत काय जिंकलीस गं, पोरी?"

"लाडिनाचा केक. दोन तुकडे!" फ्लुरिनाने काळी बंदूक खांद्याला लावून पाहिली आणि वळली. "आई, बाबा, ठरलं माझं. मी हिट्शची बंदूक घेतेय. खरेदीच्या करारावर सही मी करणार. उद्या ती बंदूकदुरुस्तीवाल्याकडे जाईल, बोल्ट नीट बसतोय असं तो म्हणेपर्यंत एकही गोळी झाडणार नाही. आणि हिट्शचा कागद जिथे आहे तिथेच राहील, त्याच्याखाली माझ्या नावाचा."