पुतळाबाईंच्या भांड्यांचा करारनामा

पुतळाबाईंना खाणावळीची भांडी विकायची होती, पण त्याहून जास्त त्यांना विक्रीचा कागद हवा होता. तो दारात टांगायचा होता.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. लालबागच्या त्यांच्या खोलीत जेवणारे गिरणीवाले मेंबर महिना देईनासे झाले; जेवायचे मात्र थांबले नाहीत. पुतळाबाई तोंडाच्या तिखट. दारात आलेल्याला आधी शिव्या घालायच्या, मग भात. ‘नाही’ एवढं मात्र त्यांना म्हणता येत नव्हतं. दागिने मोडणं त्यापेक्षा सोपं गेलं होतं.

“वकिलाचा कागद असला म्हणजे बोलायला नको,” त्या मला म्हणाल्या. “भांडीच नाहीत तर काय पदरात शिजवू? वाचा म्हणावं, नि चालते व्हा.”

मी गिरगावात एका वकिलांकडे कारकून होतो. माझं कायद्याचं ज्ञान टाइप करण्यापुरतं, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं.

गिऱ्हाईक होतं रमाकांत टिपणीस. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, दादरला उपाहारगृह काढणारे. त्यांनी मोठा टोप फिरवून काठावरचं नाव वाचलं.

“हे धोंडू सखाराम कोण?”

“मेंबर. पोरगा झाला तेव्हा दिलान.”

“म्हणजे टोप धोंडूंचा.”

“नाव धोंडूचं. टोप माझा.”

अडचण खरी होती. पोरगा झाला, बढती मिळाली, नवस फिटला की मेंबर खाणावळीला भांडं द्यायचा आणि देताना स्वतःचं नाव घालून घ्यायचा. पुतळाबाईंचं नाव एकाही भांड्यावर नव्हतं. एका झाऱ्यावर तर ‘कै.’ होतं.

“उद्या पोलीस आले तर? सगळ्यांची संमती घ्या,” टिपणीस म्हणाले.

“कैलासवासींचीसुद्धा?” मी म्हटलं.

“वारसांची घ्या.”

मेंबरांना कधी बोलवायचं, मी विचारलं. पुतळाबाई विचार न करता म्हणाल्या, “रविवारी बाराला. त्यांना तीच वेळ ठाऊक.”

रविवारी बाराला सगळे आले, मोरीवर हात धुऊन रांगेत बसले. पेन कुणीच मागितलं नाही.

“सह्यांना बोलावलंय, मेल्यांनो!”

“करतो की,” गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम असलेला दत्तू म्हणाला. “पण उपाशीपोटी सही म्हणजे जबरदस्ती. काय वकीलसाहेब?”

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी वकीलसाहेब म्हणत होतं. मी म्हटलं, “अर्थात.”

पुतळाबाईंनी सगळ्यांच्या आया-बहिणींचा उद्धार केला आणि भात टाकला. टिपणिसांनी हरकत घेतली. करारात माल ‘रिकामा व स्वच्छ’ असा लिहिला होता. त्यांना रांगेच्या टोकाला बसवण्यात आलं. सुकटीचं कालवण दुसऱ्यांदा मागितल्यावर त्यांनी हरकत मागे घेतली.

मग सह्या झाल्या, अंगठे झाले. कैलासवासींच्या मुलानं सही करण्याआधी झाऱ्याला नमस्कार केला. मेंबरांनीच भांडी घासली, टेम्पोत चढवली आणि ते गेले. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. घामेजलेला, केसांत लाकडाचा भुसा.

“मावशी...”

“नाही!” पुतळाबाई म्हणाल्या. कागद माझ्या हातात होता, तो त्यांनी मागितलासुद्धा नाही. “जेवण नाही, भांडी नाहीत. आज नाही, उद्या नाही. जा!”

आवाज खाली टेम्पोवाल्यापर्यंत गेला असावा, त्यानं हॉर्न दिला.

“मी सहीला आलो,” तो माणूस म्हणाला. “लहू. परातीवर नाव आहे माझं. रे रोडला वखारीत लाकडं उचलतो हल्ली. सुटायला उशीर झाला.”

त्यानं सही केली, पेन परत दिलं आणि जिना उतरायला लागला.

“जेवलंस काय रे?” पुतळाबाईंनी वरून विचारलं.

“जेवीन की.”

“जेवलंस काय, विचारतंय!”

लहू केसांतला भुसा झटकत राहिला. पुतळाबाई माझ्याकडे वळल्या. “टेम्पो थांबव.”

करारनाम्याच्या समासात मला एक ओळ वाढवावी लागली: ‘लहान टोप एक, झाकणासह, विक्रीतून वगळला आहे.’ दोन्ही पक्षांनी शेजारी सह्या केल्या. टोपाबद्दल टिपणिसांनी तक्रार केली नाही.

“झाकण कशाला पण?” एवढंच म्हणाले.

“भात निवतो,” पुतळाबाई म्हणाल्या. “उशिरा येतात मेले.”